भाताच्या खोलीतलं युद्ध

मला राग लवकर येतो आणि उशिरा जातो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी त्याची दखल कोणी घेत नाही, कारण राग आला म्हणून मी भाकऱ्या थापायची थांबत नाही. जिचा राग स्वयंपाकाच्या आड येत नाही तिला राग आलेलाच नसतो, अशी या घराची पक्की समजूत आहे. ती चूक आहे, एवढंच सांगायला मी हे लिहायला बसले आहे.

आमची वाडी अलिबागच्या दक्षिणेला, समुद्र हाकेच्या अंतरावर. नारळ, सुपारी, कडेने थोडी जायफळं. पूर्वी घर वाडीवर चालायचं, आता पाहुण्यांवर चालतं. शनिवारी मांडव्याला बोटीतून मुंबईची माणसं गाड्यांसकट उतरतात आणि ऐन जेवणाच्या वेळी आमच्या अंगणात येऊन विचारतात, "काकू, वायफायचा पासवर्ड काय?" खोल्यांचं बुकिंग पनवेलला राहणारा माझा धाकटा दीर फोनवरून घेतो. नवरा वाडी बघतो, पाण्याचा पंप बघतो आणि पाहुण्यांना सुपारी कशी सोलतात ते दाखवतो. बाकीचं मी करते. बाकीचं म्हणजे काय, ते त्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही.

पाहुणे गेले की खोल्यांमधून त्यांच्या विसरलेल्या वस्तू निघतात. चार्जर, पोहायचे कपडे, चष्मे, एकदा तर एक कवळी निघाली. आम्ही त्या जपून ठेवतो आणि फोन करतो. असाच एकदा पलंगाखालून एक जड खोका निघाला. वर कुठल्यातरी परदेशी बेटाचं चित्र होतं, किनाऱ्यावर किल्ला, समोर गलबतं. मी फोन केला तर तो मुलगा म्हणाला, "ठेवा काकू तुम्हालाच. त्याचं नियमांचं पुस्तक आमच्या कुत्र्याने फाडून टाकलं. एकट्याने खेळायचा युद्धाचा खेळ आहे, तुमच्या काही कामाचा नाही."

तुमच्या काही कामाचा नाही. हे वाक्य मी त्या दिवशी भांडी घासताना, मासे साफ करताना आणि गाद्यांच्या खोळी बदलताना पुन्हा पुन्हा ऐकलं. लग्नाआधी मी नोकरी करत होते. ऑफिसच्या संगणकावर पत्त्यांचं सॉलिटेअर लावायचे, तेही साहेब जेवायला गेले की. एकटीने खेळायचा खेळ मला नवा नव्हता. युद्ध तर नव्हतंच नव्हतं.

घराच्या मागच्या अंगाला भाताची खोली आहे. पूर्वी तिथे भाताच्या कणग्या असत. आता भात विकतच येतो, म्हणून खोली रिकामी पडली होती. खिडकीजवळ फोनला रेंज येते आणि सासऱ्यांचं जुनं टेबल तिथेच आहे. त्या टेबलावर मी खोका उपडा केला. षटकोनी घरांचा नकाशा, पुठ्ठ्याच्या चौकोनी सोंगट्या, फासे, पत्ते आणि एक जाड तक्ता. तक्त्यावर इंग्रजीत बारीक अक्षरात काय काय लिहिलेलं, पण ते वाचून चाल कशी करायची ते कळेना. मग मी यूट्यूबवर शोधलं.

तिथे तो माणूस भेटला. त्याचा चेहरा कधी दिसायचा नाही. नुसते हात दिसायचे, केसाळ मनगटं, एका हाताला घड्याळ. तो तोच खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळून दाखवायचा आणि प्रत्येक चालीला काय करतो, का करतो ते शांतपणे सांगायचा. मी नारळाच्या तेलाच्या बाटलीला फोन टेकवून ठेवायचे आणि त्याचं बघून माझ्या नकाशावर तशाच सोंगट्या हलवायचे. इंग्रजी मला वाचता येतं, पण त्याचं बोलणं समजायला व्हिडिओ मागे-पुढे करावा लागे. सोमवार ते गुरुवार, दुपारची भांडी आवरली की माझी शाळा सुरू व्हायची. या वयात कोणी मला काही शिकवत होतं, हेच मला फार वाटायचं.

खेळ असा होता. किल्ला आणि आजूबाजूची गावं माझी. समुद्रातून शत्रू येणार. शत्रूला डोकं नाही, त्याच्या जागी तो तक्ता. पत्ता उलटायचा, शत्रू कुठल्या किनाऱ्याला लागला ते बघायचं, मग तक्ता सांगेल तसं त्याला चालवायचं. जवळ जो असेल त्याच्यावर तो चाल करतो. दोघं सारख्याच अंतरावर असले तर जो दुबळा त्याच्यावर. आपण काय करणार आहोत ते त्याला कळत नाही आणि तो काय करणार ते आपल्याला आधीच कळतं. सगळी हुशारी त्यातच. एखादी दुबळी तुकडी मुद्दाम पुढे ठेवायची, म्हणजे शत्रू तिच्याकडे वळतो आणि किल्ला वाचतो. मग मागे राखून ठेवलेली तुकडी काढायची. हे सगळं मी त्या केसाळ हातांकडून शिकले.

झाडलोट करायला येणारी बाई एकदा दारात उभी राहून बघत होती.

"ताई, दुसरा गडी कुठं हाय?"

"दुसरा न्हाय. दोन्हीकडून मीच."

"मंग हारतंय कोन?"

"मीच."

"आन् जितलं तरी तुमीच. मंग एवढा डोक्याला हात लावून कशाला बसता?" असं म्हणून ती हसत हसत ओटी झाडायला गेली. मला तिचा राग आला नाही. तिने निदान विचारलं तरी.

मी जिंकायला लागले तेव्हा नवऱ्याला सांगितलं. लिहिताना मी त्याला एकेरीत लिहिते आहे, बोलताना मात्र इतक्या वर्षांत 'अहो' सुटलेलं नाही. मी म्हटलं, "अहो, आज किल्ला राखला मी." तो म्हणाला, "बरं झालं. संध्याकाळच्या जेवणाला माणसं वाढलीत, नारळ खोवून ठेव."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, जेवताना, मान वर न करता तो म्हणाला, "भाताची खोली पाहुण्यांसाठी करायचं चाललंय. एसी बसवू, मागच्या बाजूला संडास-बाथरूम काढू. शिमग्याला भाऊ येईल तेव्हा माप घेऊन ठरवेल."

"भाऊजींच्या डोक्यात आलं का हे?"

"हो, म्हणजे, तसंच."

"आणि माझं टेबल?"

"खोक्यात भरून ठेव ते. तू एकटीच तर खेळतेस, कुठेही बसून खेळ."

कुठेही बसून खेळता येत नाही. तो खेळ दिवसचे दिवस मांडून ठेवावा लागतो. एक सोंगटी हलली तर सगळं गेलं. ओसरीवर पाहुण्यांची मुलं, जेवणाच्या टेबलावर पाहुणे, झोपायच्या खोलीत सुकलेल्या चादरींचे ढीग. या एवढ्या मोठ्या घरात जिथे मी ठेवलेली वस्तू मी परत येईपर्यंत तशीच राहते, अशी तेवढी एकच खोली होती. पाहुण्यांना दोन खोल्या दिल्या, माझा देव्हारासुद्धा माझ्या मनाविरुद्ध हलवला, कारण पाहुण्यांना घंटीचा गोंगाट होतो म्हणे. मी काही बोलले नव्हते. ही खोली मात्र मला हवी होती.

मी ती भांडून घ्यायचं ठरवलं. आणि भांडायचं कसं, ते मी नुकतीच शिकले होते. दीर काय बोलेल ते मी आधीच मनात मांडून ठेवलं. तो म्हणणार, सीझन आहे. तो म्हणणार, शेजारच्या वाडीवाल्यांनी चार खोल्या काढल्या. तो म्हणणार, वहिनी, तुम्हाला कुठे लागते खोली. प्रत्येकावर माझं उत्तर तयार. दुपारी खेळता खेळता मी शत्रूच्या सोंगट्यांना मनातल्या मनात त्याचंच नाव दिलं होतं, आणि त्या मेल्या की मला बरं वाटायचं. हे सांगायला मला लाज वाटत नाही.

अशातच त्या केसाळ हातांनी माझं नाक कापलं.

खेळात भरती-ओहोटी होती. एक सोंगटी पट्टीवर पुढे-मागे सरकायची. ओहोटी असली की तो माणूस म्हणायचा, होड्यांना पाणी नाही, यावेळी शत्रू उतरत नाही, आणि पुढे जायचा. मीही तसंच करायचे. ओहोटी लागली की हुश्श करून तुकड्या नीट लावून घ्यायचे. त्याच विश्रांतीवर मी जिंकत होते. मग एकदा भलत्याच खेळाचा व्हिडिओ बघत होते, तेव्हा सुरुवातीला तो सहज म्हणाला, जाता जाता, हसत, की त्या बेटाच्या खेळात मी ओहोटीचा नियम चुकीचा खेळत होतो. ओहोटीला होड्या लांब पाण्यात थांबतात, पण माणसं चालत येतात. एक चाल उशिरा, पण येतात. सॉरी, म्हणाला, आणि नवीन खोका उघडायला लागला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने चूक केली म्हणून गेलीच, पण त्याहून जास्त माझ्यावर गेली. मी जन्मापासून या किनाऱ्यावर आहे. ओहोटीला होडी रुतते, माणूस रुतत नाही, हे मला दुसऱ्याने सांगायला हवं होतं? आमच्या इथे ओहोटी लागली की बायका गुडघाभर चिखलातून शिंपल्यांतली कालवं काढायला आत चालत जातात. मी स्वतः आईबरोबर गेले आहे. रोज डोळ्यांसमोर बघितलेलं मी बाजूला ठेवलं, आणि ज्याच्या खिडकीतून समुद्र दिसतो की नाही तेही मला माहीत नाही अशा माणसाचं ऐकलं, कारण तो ठामपणे बोलत होता. ठामपणे बोलणाऱ्या पुरुषाचं ऐकायची सवय अंगात इतकी मुरलेली असते.

मी त्याच्या व्हिडिओखाली लिहिलं. माझ्या इंग्रजीत, पण सरळ लिहिलं. तुमच्यामुळे माझे सगळे विजय खोटे ठरले, तुम्ही शिकवता तर आधी नीट वाचत का नाही. त्याने उत्तर दिलं, फार गोड उत्तर दिलं. त्रास झाला असेल तर क्षमस्व, पण हा एकट्याने खेळायचा खेळ आहे, तुम्हाला आवडेल तसा खेळा, तुम्ही एकट्याच आहात, कोण बघतंय?

मी एकटी आहे म्हणूनच तर खरं खेळायचं ना, बाबा. चौघांत खेळताना लबाडी केली तर दुसरा पकडतो. एकटीने केली तर कोण पकडणार? मग खेळायचंच कशाला, नुसती सोंगटी किल्ल्यात ठेवून मी जिंकले म्हणावं. हे मी त्याला लिहिलं नाही. हे मी मसाला कुटताना बोलले, आणि ओसरीवरून नवऱ्याने विचारलं, "काही म्हणालीस का?" मी नाही म्हटलं.

मग मी खऱ्या नियमाने खेळायला लागले आणि सपाटून हरायला लागले. ओहोटीला ते यायचे. चिखलातून, उशिरा, पण यायचे, आणि माझ्या तुकड्या उघड्यावर असायच्या. हरले की पुन्हा मांडायचे. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. मी सगळी ताकद पहिल्या धडकेवर घालवत होते आणि मग मागून येणाऱ्यासाठी माझ्याकडे काही उरत नव्हतं. ही गोष्ट मला कुठल्याच व्हिडिओने सांगितली नव्हती, मी हरून शिकले. शिमगा जवळ आला तेव्हा एक डाव टेबलावर मांडलेला होता, अर्धा खेळून झालेला, आणि त्यात पहिल्यांदाच खऱ्या नियमाने किल्ला टिकायची लक्षणं होती.

शिमग्याच्या आदल्या दिवशी दीर आला. गाडीतून उतरला, पाणी प्यायला आणि खिशातून मापाची टेप काढून मागच्या अंगाला निघाला. मी पुरणाची डाळ शिजत टाकून त्याच्या मागे गेले आणि त्याच्या आधी दारात उभी राहिले. महिनाभर घोकलेली सगळी उत्तरं तोंडाशी होती.

"भाऊजी, ही खोली द्यायची नाही. ही मला लागते."

तो थांबला. टेबलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"बरं," म्हणाला.

मी पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. सीझन, शेजारची वाडी, काहीतरी. त्याने टेप गुंडाळून खिशात टाकली.

"बरं म्हणजे?"

"बरं म्हणजे नको तर नको. मी तर दादाला म्हणत होतो, पुढच्या अंगणात शेड टाकून काहीतरी करू. दादाच म्हणाला, भाताची खोली घे, तिला विचारायची गरज नाही, ती नाही म्हणणार नाही." मग माझा चेहरा बघून तो जरा गडबडला. "तुम्हाला माहीत नव्हतं का वहिनी? मला वाटलं तुमचं बोलणं झालंय."

डाळ उतू जात असणार, पण मी स्वयंपाकघरात गेले नाही. चपला घालून सरळ वाडीत गेले.

पंपापर्यंत जाताना माझ्या डोक्यात एकेक गोष्ट येऊन बसत होती. बहिणीच्या घरच्या पूजेला मी जाणार नाही, हे तिला नवऱ्यानेच फोनवर सांगितलं होतं, पाहुणे आहेत म्हणून. लग्न ठरल्यावर मी नोकरी सोडते असं माझ्या साहेबांना पहिल्यांदा यानेच सांगितलं होतं. देव्हारा हलवायला तिची हरकत नाही, हेही यानेच. 'ती करेल.' 'तिला चालतं.' 'तिला काही नाही त्याचं.' महिनाभर मी दिराशी लढायची तयारी केली होती, आणि बिचाऱ्या दिराची चाल नव्हतीच. माझीच चाल कोणीतरी माझ्या वतीने खेळत होतं. डोकं नसलेल्याला जसं मी तक्ता बघून चालवते, तसं मला इतकी वर्षं चालवलं होतं. मला रडू येत नव्हतं. मला संताप येत होता, इतका की पाण्याच्या पाटात पाय गेला तरी मी थांबले नाही.

नवरा पंपाजवळ वाकून पाइप जोडत होता.

"भाऊजींना खोली तुम्ही देऊ केलीत?"

त्याने वर बघितलं. नाही म्हणायचा त्याचा विचार दिसला, मग तो त्याने सोडला. "अगं, त्यात काय एवढं. पाहुणे वाढलेत. रिकामी खोली ती."

"रिकामी नाही. मी असते तिथे."

"तू काय, तू घरभर असतेस."

"मला विचारलं का नाहीत?"

"विचारायचं काय त्यात?" तो खरंच गोंधळला होता, याचाच मला जास्त राग येत होता. "तू हो म्हणाली असतीस."

म्हटलं असतं, हे मला ठाऊक होतं. शिमग्याची गडबड, हातात पीठ, त्याने दारातून विचारलं असतं आणि मी पाठमोरीच बरं म्हटलं असतं. त्याला मी पूर्ण पाठ होते. म्हणूनच तर विचारायची गरज त्याला कधी पडली नाही, आणि ज्याला विचारावं लागत नाही असं माणूस घरात किती उरतं?

"आता विचारा," मी म्हटलं.

"काय?"

"खोलीचं. विचारा मला."

"अगं पण भाऊशी तू बोललीस ना आत्ता? मग आता काय—"

"विचारा म्हणते ना."

वाडीत पंपाचा आवाज चालू होता. त्याने वाकून पंप बंद केला, हात पंच्याला पुसले आणि माझ्याकडे बघितलं. लग्न झाल्यापासून मी त्याचा तो चेहरा पाहिला नव्हता. प्रश्नाचं उत्तर माहीत नसलेल्या माणसाचा तो चेहरा होता.

"भाताची खोली पाहुण्यांना द्यायची का?"

"नाही."

त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्याने, मला नीट ऐकू आलं नसेल असं वाटून.